‘आनुवंशिक’ या शब्दाचे दोन अर्थ : फुप्फुसाचा कर्करोग आणि वंशागत जनुकभेद

१

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेस फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. बाईंनी उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नव्हता. फुप्फुसातून काढलेल्या गाठीच्या तुकड्याची तपासणी होऊन जो अहवाल आला, त्यात ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळल्याची नोंद होती. आणि ही तपासणी कसली, असे विचारता, ती ‘आनुवंशिक चाचणी’ आहे असे कोणीतरी सांगितले. या एका शब्दावरून घरात दोन निष्कर्ष निघाले. बाईंच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरावयाचे होते. आईचा दोष आपल्याही रक्तात उतरला असणार, तेव्हा ही गोष्ट मुलाकडच्यांना सांगावी की लपवावी, या विवंचनेत ती पडली. बाईंचे बंधू पन्नाशीच्या आसपासचे; गेली तीस वर्षे ते सिगारेट ओढीत आहेत. रोग जर घराण्यातच असेल तर आता सिगारेट सोडून काय मिळवावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

मुलगी तो कागद घेऊन मजकडे आली, ती मी वैद्य म्हणून नव्हे, तर शब्दांचे अर्थ सांगणारा मनुष्य म्हणून. पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सर्व खुलासा केला आणि तिची चिंता दूर झाली. परंतु विचार करता असे दिसून आले की, भाचीची भीती आणि मामांचा निर्धास्तपणा हे दोन्ही एकाच शब्दाच्या संदिग्धतेतून जन्मले होते. सबब फुप्फुसाच्या कर्करोगात वंशाचा वाटा नेमका किती व कसा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे. आणि आरंभ शब्दापासूनच करणे इष्ट होईल.

२

इंग्रजीतील ‘जेनेटिक्स’ हा शब्द शास्त्राचे नाव म्हणून बेटसन याने १९०५ मध्ये योजिला, व ‘जीन’ ही संज्ञा योहानसेन याने १९०९ मध्ये रूढ केली. या शब्दांच्या मुळाशी जो ग्रीक धातू आहे तो व आपला ‘जन्’ हे एकाच आदिम धातूचे वंशज होत. त्यामुळे ‘जनुक’ ही मराठी संज्ञा ध्वनी व अर्थ या दोन्ही दृष्टींनी चपखल बसली आहे. अडचण आहे ती विशेषणाची. ‘जेनेटिक’ या विशेषणासाठी आपण पुष्कळदा ‘आनुवंशिक’ हा शब्द वापरतो. अनुवंश म्हणजे वंशाला अनुसरून येणारे. मातापित्यांकडून अपत्यांकडे काय जाते एवढ्याचाच अभ्यास शास्त्र करीत होते तोवर या शब्दात काहीच खोट नव्हती.

परंतु पुढे असे आढळून आले की, जनुकांत बदल होतात ते केवळ पिढी ओलांडतानाच नव्हेत. एकाच माणसाच्या देहात, त्याच्या हयातीत, एखाद्या पेशीतील जनुक बदलते, आणि तो बदल त्या पेशीपासून विभाजनाने झालेल्या पेशींपुरताच राहतो. तो अपत्यांकडे जात नाही, व मातापित्यांकडून आलेलाही नसतो. इंग्रजी विशेषणाच्या अर्थात वंशाचा उच्चार नसल्यामुळे ते दोन्ही प्रकारांस सामावून घेते. मराठी विशेषणात मात्र ‘वंश’ हा शब्द उघड उभा आहे. ऐकणाऱ्याचे मन तेथेच अडते.

तेव्हा या लेखात पुढीलप्रमाणे शब्दयोजना केली आहे. मातापित्यांच्या बीजातून आलेला आणि म्हणून देहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारा तो ‘वंशागत’ भेद. जन्मानंतर एखाद्या पेशीत उपजलेला व तिच्या संततीपुरता राहणारा तो ‘अर्जित’ बदल. आणि दोहोंस मिळून विशेषण हवे असेल तेथे ‘जनुकीय’. शिक्षिकाबाईंच्या अहवालात जे आढळले होते ते अर्जित होते. चाचणी जनुकीय होती, आनुवंशिक नव्हती.

३

कर्करोग हा मुळातच जनुकांचा रोग आहे, असे म्हणतात ते या अर्जित बदलांच्या अर्थाने. पेशीने केव्हा विभागावे, केव्हा थांबावे, बिघाड दुरुस्त न झाल्यास केव्हा मरावे, यांचे नियमन करणारी जनुके एकामागून एक बिघडत गेली म्हणजे ती पेशी अनिर्बंध वाढू लागते. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये शरीरात रूपांतर पावून जनुकद्रव्यातील ग्वानीन या घटकास चिकटतात, आणि नक्कल होताना त्या जागी चूक होऊन थायमीन येते. धूम्रपान करणाऱ्यांच्या गाठीत या विशिष्ट चुकीचे प्रमाण इतके अधिक असते की, तिला धुराने मागे ठेवलेली खूणच म्हणता येईल.

धूम्रपान न करणाऱ्यांच्या गाठींचे स्वरूप निराळे असते. ईजीएफआर हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राही प्रथिनाचे आहे. वाढीचा संदेश बाहेरून आला म्हणजे तो आत पोचविणे हे त्याचे काम. त्यात काही विशिष्ट बदल झाल्यास संदेश नसतानाही ‘वाढा’ असा हुकूम सतत सुटत राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगातील हे बदल २००४ मध्ये उघडकीस आले, आणि या प्रथिनास रोखणाऱ्या गोळ्या कोणास लागू पडतील हे त्यावरून कळू लागले. फुप्फुसाच्या ग्रंथीय प्रकारच्या कर्करोगात पूर्व आशियातील रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत हा बदल सापडतो. भारतीय रुग्णांत हे प्रमाण त्याहून कमी, तर युरोपीय वंशाच्या रुग्णांहून अधिक आहे. चाचणी करावयाची ती उपचार ठरविण्यासाठी. वंशवृक्ष तपासण्यासाठी नव्हे.

या नियमाला एक अपवाद नोंदविणे अवश्य आहे. ईजीएफआर जनुकातील ‘टी७९०एम’ हा बदल बहुधा गोळ्यांचा उपचार चालू असताना गाठीत उद्भवतो व औषध निष्प्रभ करतो. परंतु २००५ मध्ये अशा एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध झाली की, ज्यातील अनेक व्यक्तींना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता आणि हाच बदल त्यांच्यात वंशागत होता. अशी कुटुंबे अत्यंत विरळा. उपचारापूर्वीच हा बदल गाठीत दिसला तर डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी सुचवितात ती याच कारणास्तव. या एका अपवादावरून ‘ईजीएफआर म्हणजे घराण्याचा दोष’ असे अनुमान काढणे सर्वथा चूक होय.

४

मग वंशागत भेदांचा या रोगाशी काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या, अन्य विकारांच्या ६४९ पुरुषांत ते २७ होते. पुढील काही वर्षांत पुरावा वाढत गेला. परंतु त्या काळातील सर्वश्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञ व आनुवंशविज्ञानाचा एक संस्थापक रोनाल्ड फिशर याने १९५७–५८ मध्ये त्यास हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या वंशागत गुणामुळे मनुष्यास सिगारेटची ओढ लागते, तोच गुण त्याला कर्करोगासही प्रवण करीत असेल. एकरूप जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी भिन्नरूप जुळ्यांहून अधिक मिळत्याजुळत्या असतात, हा आधार त्याने दिला. फिशर स्वतः पाइप ओढीत असे व तंबाखू उत्पादकांच्या मंडळाचा सल्लागारही होता, हे खरे. परंतु युक्तिवाद कोणी केला यावरून तो खोटा ठरत नाही. त्याचे उत्तर युक्तिवादानेच द्यावयास हवे होते.

ते उत्तर १९५९ मध्ये अमेरिकेतील जेरोम कॉर्नफील्ड व त्याचे सहकारी यांनी दिले, आणि ते इतके सोपे आहे की सामान्य वाचकासही पटावे. धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नऊपट अधिक आढळतो असे धरू. सिगारेट निर्दोष असून हा सर्व फरक एखाद्या छुप्या जनुकामुळे पडत असेल, तर ते जनुक धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट अधिक प्रमाणात असले पाहिजे. त्याहून कमी असेल तर नऊपटीचा हिशेब लागणारच नाही. असे जनुक कोणी दाखविले नव्हते. फिशर १९६२ मध्ये निवर्तला. त्याची उपपत्ती त्यानंतर सिद्धही झाली नाही आणि कोणास फारशी आठवतही नव्हती.

५

२००८ मध्ये मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. हजारो रुग्ण व हजारो निरोगी व्यक्ती यांच्या जनुकद्रव्यातील लक्षावधी स्थाने ताडून पाहणाऱ्या तीन स्वतंत्र संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी एकाच स्थळाकडे बोट दाखविले. पंधराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील तो एक लहानसा पट्टा आहे. तेथे ‘सीएचआरएनए५’ हे जनुक असून, निकोटीन ज्या ग्राही प्रथिनास जाऊन चिकटते त्याचा एक घटक ते घडविते. म्हणजे सिगारेटची ओढ आणि फुप्फुसाचा कर्करोग या दोहोंशी संबंध असणारे वंशागत स्थळ खरोखरच सापडले! पन्नास वर्षांनी फिशरचा विजय झाला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटावे.

भेद आहे तो एका अक्षराचा. जनुकाच्या मजकुरात विशिष्ट ठिकाणी ग्वानिनाच्या जागी ॲडेनीन आले की, प्रथिनातील ३९८व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पारॅजीन बसते. त्याने घटकाचे कार्य मंदावते. हा घटक मेंदूच्या ज्या भागात विशेषेकरून आढळतो, त्या भागाचे एक काम निकोटिनाची मात्रा फार झाली म्हणजे ‘पुरे’ अशी नावड उत्पन्न करणे हे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हा घटक नसलेले उंदीर, इतर उंदीर जेथे थांबत त्या मात्रेपलीकडेही निकोटीन घेत राहिले. भेद धारण करणाऱ्या मनुष्याचेही असेच होते.  पेटविल्यावर त्याला थांबविणारा हात सैल असतो.

परिणामाचे मान पाहू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांत असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांत या जनुकाच्या सुमारे एकतृतीयांश प्रतींत हा भेद असतो. पूर्व आशियात तो फारच थोड्यांत आढळतो. भेदयुक्त प्रत एक असल्यास धूम्रपान करणाऱ्याच्या दिवसाच्या सिगारेटींत सरासरीने सुमारे एकीची भर पडते, आणि कर्करोगाचा धोका सुमारे १.३ पट होतो. एका सिगारेटीने एवढी वाढ कशी, असा आक्षेप आरंभी घेतला गेला. परंतु सिगारेटींची संख्या हे धुराचे कच्चे माप आहे. रक्तातील निकोटिनाच्या अवशेषांचे मापन केले असता असे दिसले की, भेदधारक मनुष्य प्रत्येक सिगारेटीतून धूरही अधिक ओढून घेतो.

आता कॉर्नफील्डची कसोटी लावून पाहावी. सिगारेटचे वैगुण्य आपल्या माथी घेण्यासाठी हा भेद धूम्रपान करणाऱ्यांत कित्येक पटींनी अधिक असावयास हवा होता. तसे नाही. एखादा मनुष्य धूम्रपानास आरंभ करील की नाही यावर या भेदाचा प्रभाव अत्यल्प असल्याने दोन्ही गटांत त्याचे प्रमाण जवळपास सारखेच आहे. आणि धूम्रपानाने धोका १५ ते ३० पट वाढतो तेथे या भेदाने तो १.३ पट होतो. अर्थात जनुक सापडले ते फिशरच्या कल्पनेतले नव्हे. फिशरच्या चित्रात जनुकापासून दोन वाटा फुटत होत्या, एक सिगारेटकडे व दुसरी कर्करोगाकडे. प्रत्यक्षात मुख्य वाट एकच आहे, आणि ती सिगारेटमधून जाते.

६

याचा निर्णायक पुरावा मिळाला तो कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांच्या अभ्यासातून. चीन, जपान, कोरिया, तैवान, सिंगापूर इत्यादी ठिकाणच्या अशा सुमारे साडेपाच हजार रुग्ण स्त्रियांचे जनुकद्रव्य निरोगी स्त्रियांशी ताडून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंधराव्या गुणसूत्रावरील त्या स्थळाचा त्यांच्या रोगाशी काहीही संबंध आढळला नाही. धूर नाही तेथे तो भेद मुकाच राहिला.

या स्त्रियांत दुसरी काही स्थळे मात्र बोलकी ठरली. त्यांपैकी पाचव्या गुणसूत्रावरील ‘टर्ट’ या जनुकाचा उल्लेख करणे पुरेसे आहे. गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनागणिक झिजतात. ती पुन्हा भरून काढणाऱ्या विकराचे हे जनुक. त्याच्या परिसरातील भेदांचा संबंध विशेषतः ग्रंथीय कर्करोगाशी आहे. परंतु येथेही एकेका भेदाचा परिणाम लहान आहे, आणि असे अनेक भेद आपणांपैकी बहुतेकांत कमीअधिक प्रमाणात असतातच. ज्यास ‘कर्करोगाचे जनुक’ म्हणावे असे त्यांत काही नाही. भाषेच्या उपमेने सांगावयाचे तर हे शब्द नव्हेत, उच्चारातील सूक्ष्म छटा होत. एकट्या छटेने वाक्याचा अर्थ ठरत नाही.

घराण्याविषयी एक सावधगिरीची सूचना येथे द्यावीशी वाटते. रुग्णांच्या निकटच्या नातलगांत हा रोग अधिक आढळतो हे १९६३ मध्येच टोकुहाटा व लिलियनफेल्ड यांनी अमेरिकेत दाखविले होते. पुढील पाहण्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की, आईवडील किंवा भावंड यांपैकी कोणास हा रोग असल्यास धोका सुमारे दीड ते दोन पट होतो. परंतु एका घरात वाढलेल्यांना मिळणारा वारसा केवळ बीजाचा नसतो. एकच स्वयंपाकघर, एकाच चुलीचा धूर, ओसरीवर बसून विडी ओढणाऱ्या आजोबांचा एकच सहवास, हाही वारसाच होय. चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेइ येथील स्त्रिया क्वचितच धूम्रपान करीत, तरी त्यांच्यात या रोगाचे प्रमाण त्या देशात अत्यंत वरचे होते. कारण घरातील शेगड्यांत जळणारा धुरकट दगडी कोळसा. त्या शेगड्यांना धुराडी बसविल्यानंतर रोग कमी झाला, हे २००२ मध्ये दाखविण्यात आले. वंश तोच राहिला. धूर बाहेर गेला.

७

फिशरने जुळ्यांचा दाखला दिला होता. शेवटचा शब्दही जुळ्यांनीच उच्चारावा हे योग्य होईल. एकरूप जुळ्यांचा वंशागत वारसा एकच असतो. तेव्हा एक धूम्रपान करणारा व दुसरा न करणारा अशा जोड्या घेतल्या, तर वंशाची बाब आपोआप बाजूला पडते. उत्तर युरोपातील देशांच्या जुळ्यांचा जो दीर्घकालीन अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा एकरूप जोड्यांतील धूम्रपान करणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका त्याच्या भावंडाच्या सुमारे पाचपट आढळला. त्याच अभ्यासात रोगप्रवणतेवर वंशाचा वाटाही दिसून आला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आणि एक खरी असल्यामुळे दुसरी खोटी होत नाही.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. रोग घराण्यात असेल तर सिगारेट सोडून काय मिळवावयाचे? ब्रिटनमधील पुरुषांविषयीचा हिशेब २००० मध्ये प्रसिद्ध झाला तो असा : जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांपैकी वयाच्या ७५व्या वर्षापर्यंत शंभरात सुमारे १६ जणांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा संभव असतो. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांत तो १० वर येतो, पन्नासाव्या वर्षी सोडल्यास ६ वर, चाळिसाव्या वर्षी ३ वर आणि तिसाव्या वर्षी २ वर. कधीच न ओढणाऱ्यांत तो शंभरात एकाहूनही कमी आहे. आणि वंशागत भेदाने या हिशेबात फरक पडतो काय? २०१५ मध्ये अनेक पाहण्यांचे एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सीएचआरएनए५ जनुकाच्या दोन्ही प्रती भेदयुक्त असणाऱ्यांची सिगारेट सरासरीने सुमारे ४ वर्षे उशिरा सुटते, व त्यांच्यात कर्करोगाचे निदान सुमारे ४ वर्षे अगोदर होते. परंतु सिगारेट सोडण्याचा लाभ त्यांनाही इतरांइतकाच मिळतो. जनुक सोडणे अवघड करते. सोडणे निष्फळ करीत नाही.

तात्पर्य, भाचीस भिण्याचे कारण नव्हते, कारण आईच्या गाठीतील बदल अर्जित होता व त्या गाठीबरोबरच संपणारा होता. एक निकटचे नातलग रुग्ण असल्याने तिचा धोका काहीसा वाढतो इतकेच. आणि धूम्रपान न करणारीचा मूळचा धोकाच इतका अल्प की, त्याची दीडपट वा दुप्पटही अल्पच राहते. मामांस मात्र निर्धास्त होण्याचे कारण नव्हते. बहिणीच्या रोगामुळे त्यांचाही धोका तेवढ्याच पटीने वाढतो. परंतु ती पट शंभरातील १६ वर लागू करावयाची की ६ वर, हे वंशाने ठरविलेले नाही. ते अद्याप त्यांच्याच हाती होते. घराण्यात रोग आहे हे सिगारेट चालू ठेवण्याचे निमित्त नसून, ती आजच टाकण्याचे अधिक सबळ कारण आहे.

पारिभाषिक शब्दांची निवड हा पंडितांच्या बैठकीतला वाद आहे, असा आपला समज असतो. परंतु हे शब्द रुग्णालयाच्या ओसरीवर, तातडीच्या घटकेस, घाबरलेल्या माणसांच्या कानी पडतात. आणि तेथे त्यांवरून लग्ने ठरतात वा मोडतात, व्यसने सुटतात वा बळावतात. गाठीच्या तपासणीस ‘जनुकीय’ म्हणावे व ‘आनुवंशिक’ हा शब्द मातापित्यांकडून आलेल्या गोष्टींसाठीच राखून ठेवावा, एवढीच सूचना करून हे विवेचन पुरे करतो. अहवालावर सही करणाऱ्यास हा भेद माहीत असतोच. तो वाचणाऱ्यासही कळावा, अशी तजवीज भाषेने करावयास हवी.